भूल उतरताना सोबत कोण?

शुक्रवारी सकाळी सातला अ‍ॅडमिट. दहाला ऑपरेशन. संध्याकाळी डिस्चार्ज. शनिवार-रविवार मस्तपैकी लोळायचं आणि सोमवारी लॅपटॉप उघडायचा. आपल्या पिढीने ऑपरेशनसुद्धा वीकेंड प्लॅनमध्ये बसवलंय, बॉस! टर्फवर फुटबॉल खेळताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं, हर्निया निघाला, नाकाचा पडदा वाकडा निघाला, पित्ताशयात खडे सापडले... पूर्वी यासाठी आठवडाभर हॉस्पिटलात राहायचं, घरून डबा यायचा, अख्खी बिल्डिंग नारळपाणी घेऊन भेटायला यायची. आता यातलं बरंचसं एका दिवसात उरकतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या, लवकर उतरणारी औषधं आली, मेडिक्लेमवाल्यांनीही 'डे-केअर'ची भलीमोठी यादी करून ठेवली.

सगळं छान आहे. फक्त अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर एक प्रश्न येतो आणि आपण अडखळतो.

'सोबत कोण आहे?'

'कोणी नाही, मी आहे ना. जाताना कॅब करीन.'

फॉर्म परत आपल्याकडे सरकतो. घरी न्यायला आणि रात्री सोबत राहायला एक जबाबदार मोठं माणूस हवं, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा. इथे आपली सटकते. बत्तिशीचा माणूस, बारा जणांची टीम सांभाळतो, फ्लॅटचा हप्ता भरतो, एकटा बँकॉकला जाऊन येतो. त्याला घरी सोडायला माणूस कशाला? शाळेतून आणायला आजी येते तसं?

तर याचं उत्तर भुलीत आहे. म्हणजे ती चढते कशी यात नाही, उतरते कशी यात.

ही झोप नव्हे

'आता छान झोप लागेल हं,' असं भूलतज्ज्ञ म्हणतात ते आपल्याला धीर यावा म्हणून. खरं तर ही झोप नाहीच. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो आणि शिव्या घालतो. भुलीतल्या माणसाच्या पोटात दुर्बीण घातली तरी त्याला पत्ता नसतो. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एमरी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण भुलीचं वर्णन स्पष्ट शब्दांत केलं होतं : हा औषधाने आणलेला आणि पुन्हा मागे फिरवता येणारा कोमा आहे.

आणि भूल म्हणजे एक औषध नव्हे. तिची चार कामं असतात. शुद्ध घालवायची, वेदना थांबवायची, आठवण राहू द्यायची नाही आणि गरज असेल तिथे स्नायू सैल सोडायचे. प्रत्येकाला वेगळं औषध. हाताच्या शिरेतून जाणारं ते दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. सोयाबीनच्या तेलात कालवलेलं असतं म्हणून तसं दिसतं. अर्ध्या-एक मिनिटात माणूस गार. पुढे तासभर बेशुद्ध ठेवायला सेव्होफ्लुरेनसारखा गॅस. दुखू नये म्हणून फेंटॅनिलच्या जातीचं काहीतरी. आधी धाकधूक कमी करायला मिडॅझोलॅम दिलं असेल, तर ते पुढचा काही वेळ आठवणीच तयार होऊ देत नाही.

चार कामं, चार औषधं आणि प्रत्येकाची उतरायची वेळ वेगळी. म्हणून भूल दिवा लावल्यासारखी एकदम उतरत नाही, ती हप्त्याहप्त्याने उतरते.

प्रोपोफॉलचंच घ्या. त्यातून आपण पटकन जागे होतो ते औषध शरीराबाहेर गेलं म्हणून नव्हे. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जाऊन बसतं, आणि तिथून सावकाश शरीराबाहेर पडतं. ऑफिसातला छळवादी मॅनेजर दुसऱ्या मजल्यावर बदलून गेला की कसं हायसं वाटतं? पण तो कंपनीतच असतो ना! तसंच. गॅस बऱ्यापैकी आला तसा फुफ्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. स्नायू सैल करणाऱ्या औषधाला मात्र उतारा द्यावा लागतो. निओस्टिग्मिन हा त्यातला जुना उतारा, सुगामाडेक्स हा नवा. (मैत्रिणींनो, सुगामाडेक्स दिलं असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा काही दिवस कमी होतो. सात दिवस दुसरंही साधन वापरायला सांगतात. उतारा कोणता दिला होता, हे डिस्चार्जच्या वेळी जरूर विचारा.)

नाडी की श्वास?

भूल देणं जगाला माहीत झालं १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या डेंटिस्टने ईथर हुंगवलं आणि जॉन कॉलिन्स वॉरन या सर्जनने रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. म्हणून १६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. वास बरा, काम झटपट. पण काही धडधाकट माणसं क्लोरोफॉर्मखाली अचानक मरत होती. का, यावर डॉक्टरांत जुंपली. हृदय आधी थांबतं की श्वास?

हा वाद सोडवायला प्रयोग झाले ते कुठे? आपल्या शेजारी, हैदराबादेत! १८८८ आणि १८८९ साली सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने दोन क्लोरोफॉर्म कमिशन्स बसली. त्याच काळात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी तिथे वैद्यकी शिकली. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत तिचं नाव आज आदराने घेतात. कमिशनने निकाल दिला की श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची काळजी करू नका. तो अर्धाच बरोबर निघाला. क्लोरोफॉर्म हृदयालाही दगा देतं, हे पुढे सिद्ध झालं.

म्हणून आज दोन्हीवर नजर असते. ऑपरेशन संपलं की तुम्हाला थेट रूममध्ये नेत नाहीत, आधी रिकव्हरीत ठेवतात. बोटाला तो चिमटा लावलेला असतो. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेला तोच ऑक्सिमीटर. त्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधलं. भूल देणं आणि भूल उतरणं सेफ करण्यात या चिमट्याचा वाटा फार मोठा आहे.

रिकव्हरीत एक परीक्षाही होते, तुमच्या नकळत. १९७० साली अँटोनियो आल्ड्रेटे यांनी ती तयार केली. पाच विषय : हातपाय हलवता येतात का, श्वास नीट आहे का, बीपी कसं आहे, शुद्ध किती, आणि ऑक्सिजन किती. शेवटच्या विषयात मूळ परीक्षेत त्वचेचा रंग बघायचे. प्रत्येकी दोन मार्क. दहापैकी नऊ पडले की रिकव्हरीतून सुटका. नव्वद टक्क्यांच्या कटऑफची सवय आपल्याला अकरावी अ‍ॅडमिशनपासून आहेच.

पण लक्षात घ्या, ही परीक्षा रिकव्हरीतून बाहेर पडण्याची आहे. कार चालवण्याची नाही, आणि क्लायंटला कोट पाठवण्याची तर नाहीच नाही.

काय काय होतं?

दातांवर दात आपटतील अशी थंडी वाजते. घाबरू नका. भुलीत शरीराचा थर्मोस्टॅट सुस्तावतो आणि आतलं तापमान पहिल्या तासाभरात एक ते दीड अंशाने उतरू शकतं. गरम ब्लँकेट मागा, लाजू नका.

घसा खवखवतो. श्वासनलिकेत नळी असते, किंवा घशात मास्क. एक-दोन दिवसांत बरा होतो.

मळमळतं, उलटी होते. यात एक मजा आहे. ख्रिश्चन आप्फेल यांनी १९९९ साली चार मुद्दे काढले : बाई असणं, सिगरेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागणं. एकही मुद्दा नसेल तर दहातल्या एकाला त्रास होतो, चारही असतील तर दहातल्या आठ जणांना. म्हणजे महाबळेश्वरचा घाट लागणारी निर्व्यसनी मुलगी इथे हाय रिस्क! (म्हणून कुणी सिगरेट सुरू करू नका. फुफ्फुसांच्या बाबतीत ओढणाऱ्यांचीच जास्त वाट लागते.) उलटीवर प्रतिबंधक औषधं आहेत. भूलतज्ज्ञांना 'मला गाडी लागते' एवढं आधी सांगितलं तरी पुष्कळ.

अजून काय सांगायचं? घोरत असाल तर सांगा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना त्या रात्री वेदनाशामकांनी जास्त त्रास होऊ शकतो. वजन कमी करायची हल्लीची साप्ताहिक इंजेक्शनं घेत असाल तर नक्की सांगा, कारण त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं. उपाशी राहायला सांगतात ते पोटातलं अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ नये म्हणून. साधारण हिशोब म्हणजे खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ फायनल.

पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली भूल दिली असेल तर काही तास पाय आपले वाटत नाहीत, लघवी अडते. पाय परत आले म्हणून धाडकन उठून बाथरूमला पळू नका, पहिल्यांदा उठताना कोणाचा तरी हात धरा. पुढच्या दोन-चार दिवसांत बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर हॉस्पिटलला फोन करा. इंजेक्शनच्या जागेतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपल्याने हे होतं आणि त्यावर इलाज आहे. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी हा प्रयोग स्वतःवर करून घेतला, तेव्हा तेही असंच डोकं धरून पडले होते. बाकी 'त्या इंजेक्शनने जन्माची पाठ धरते' हे जे मावशी-काकू सांगतात, त्याला आधार नाही.

तो परफेक्ट मेल

आता मूळ मुद्द्यावर येऊ. थंडी, घसा, मळमळ हे सगळं आपल्याला कळतं. जे कळत नाही ते जास्त गोत्यात आणतं.

माझ्या ओळखीतल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रूममध्ये आल्यावर अर्ध्या तासात त्याने फोन मागितला आणि एका व्हेंडरला मेल टाकला. मेल परफेक्ट होता. स्पेलिंग बरोबर, 'डिअर' आणि 'रिगार्ड्स' जागच्या जागी. मधे फक्त दोन लाखांचा डिस्काउंट मान्य केला होता. सोमवारी व्हेंडरचा थँक्यू आला तेव्हा यालाच कळेना की हा कशाबद्दल आभार मानतोय! मेल पाठवल्याचं त्याला आजही आठवत नाही.

हीच तर गोची आहे. माणूस डोळे उघडून बोलतो, जोक मारतो, पासवर्डसुद्धा बरोबर टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा आला की भानावर. पण नवीन आठवणी साठवणं आणि सारासार विचार, या गोष्टी रांगेत शेवटी उभ्या असतात. म्हणून तो चोवीस तासांचा नियम. गाडी चालवायची नाही, दारू नाही, सही नाही, मोठे निर्णय नाहीत. त्यात आजच्या काळाची भर आपण घालू : ओटीपी नाही, शेअर्स नाहीत, ऑफिसचा मेल नाही आणि एक्सला मेसेज तर अजिबात नाही.

आता फॉर्मवरच्या त्या जबाबदार माणसाकडे पुन्हा बघा. ऑपरेशन कसं झालं, कुठली गोळी कधी घ्यायची, ताप आला, रक्त आलं, पाय सुजला, लघवी झाली नाही तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे सगळं डॉक्टर साधारण दुपारी येऊन सांगतात. तुम्ही मान डोलावता, 'ओके डॉक्टर' म्हणता. रात्री त्यातलं काही आठवत नाही. सोबतचा माणूस म्हणजे त्या दिवसापुरती तुमची मेमरी असते. आणि रात्री बाथरूमपर्यंत जाताना चक्कर आली तर धरणारा हातसुद्धा. गाडीचं दार उघडून देण्यापुरता तो नसतो. म्हणून कॅबवाला कितीही सज्जन असला तरी चालत नाही.

नंबर कोणाचा लिहायचा?

खरी अडचण इथे आहे, आणि ती मेडिकल नाही. आईबाबा सोलापूरला. 'उगाच टेन्शन नको' म्हणून त्यांना सांगितलेलंच नसतं. फ्लॅटमेटची नाइट शिफ्ट. बहीण ह्यूस्टनला. कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये नऊशे नावं आणि त्या एका रकान्यात लिहायला एकही नाही, अशी वेळ शहरात राहणाऱ्या भल्याभल्यांवर येते. मग काही जण कोणाचंही नाव ठोकून देतात आणि गुपचूप एकटे घरी जातात. हे करू नका. त्यापेक्षा हॉस्पिटलला सरळ सांगा, माझ्याकडे रात्री कोणी नाही. बहुतेक वेळा एक रात्र ठेवून घेता येतं. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

पण त्याच्याही आधी एखाद्याला विचारून तर बघा. आपण विचारत नाही, हा खरा लोचा आहे. घर शिफ्ट करायला, गोव्याला जायला, आयपीएलची तिकिटं काढायला आपण हक्काने फोन करतो. 'त्या रात्री माझ्याकडे झोपायला येशील का' म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. दोन आठवडे आधी विचारा आणि नेमकं विचारा : शुक्रवारी दुपारी तीन ते शनिवारी सकाळी दहा. काम काय, तर डॉक्टर बोलतील ते लिहून घ्यायचं, गोळ्यांची वेळ बघायची, माझा फोन ताब्यात ठेवायचा. एवढं स्पष्ट सांगितलं की समोरच्यालाही रजा टाकायला सोपं जातं.

आणि हे काम उद्या तुमच्यावरही येणार आहे. बहुतेक आईबाबांच्या वेळीच. सत्तरीच्या बाबांचं खुब्याचं ऑपरेशन होतं आणि दुसऱ्या रात्री ते तुम्हाला काकाच्या नावाने हाक मारतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, सलाइन ओढतात. त्याला डिलिरियम म्हणतात. वयस्कर माणसांत ऑपरेशननंतर हे बऱ्यापैकी होतं. वेड लागलेलं नसतं, ते नाटकही करत नसतात. डॉक्टरांना लगेच सांगा, कारण जंतुसंसर्ग, अडलेली लघवी, न थांबणारं दुखणं, एखादं औषध असं काहीतरी मागे असू शकतं. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, काहींना जास्त वेळ लागतो.

यावर जे उपाय आहेत त्यातले कितीतरी बिनऔषधी आहेत. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी शक्य तितक्या लवकर परत द्या. समोर घड्याळ लावा. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद. 'बाबा, आज बुधवार आहे, तुमचं ऑपरेशन झालंय, मी इथेच आहे,' हे न चिडता दहा वेळा सांगा. हे सांगणारा आवाज ओळखीचा असला तर फरक पडतो. त्यासाठी त्या खुर्चीत तुम्हीच बसलेले असायला हवं. ते काम व्हिडिओ कॉलवर होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसात कोणी चहा पिताना सहज म्हणालं की पुढच्या आठवड्यात माझं एक छोटंसं ऑपरेशन आहे, तर 'ओह, टेक केअर, काही लागलं तर सांग हं' म्हणून डेस्ककडे वळू नका. काही लागलं तरी कोणी सांगत नाही. सरळ विचारा, 'सोबत कोण आहे?' उत्तर द्यायला उशीर झाला, तर कॅलेंडर उघडून शुक्रवार ब्लॉक करा. त्या रात्रीसाठी मऊ खिचडीची सोय करा, आणि घरी पोचलात की पहिल्यांदा त्याचा फोन काढून घ्या.